पांढऱ्या दोऱ्याची कुपी

विट्याच्या अड्ड्यावर सांगलीची मोटार लागली तेव्हा नानासोनं इतरांच्या बरोबरीनं धोतराचा सोगा नाकाला लावला. लढाई संपली होती, पण पेट्रोलची चणचण संपली नव्हती. मोटारी अजून कोळशाच्या गॅसवरच चालायच्या आणि मागच्या भट्टीचा धूर आत बसलेल्यांच्या डोळ्यांतून पाणी काढायचा. लोक खोकत होते, मोटारवाल्याचा उद्धार करत होते. नानासोही खोकला. खोकला खरा होता, नाक झाकणं मात्र निव्वळ सोंग होतं. धूर काय, शेण काय, अत्तर काय, त्याच्या नाकाला सगळं सारखंच होतं. नऊ वर्षं त्याला कसलाही वास आला नव्हता.

नानासो गलाईवाला. त्या भागातले पुष्कळ लोक त्या धंद्यात. सोनारांकडचं कमअस्सल सोनं आणायचं, मुशीत वितळवायचं, तेजाबात टाकून शुद्ध करून द्यायचं. नानासोचं दुकान मदुरेला होतं. नऊ वर्षांपूर्वी तिथं तेजाबाची बरणी हातातून निसटून फुटली आणि तांबूस धुराचा लोट थेट त्याच्या तोंडावर आला. आठ-पंधरा दिवस तापानं फणफणून तो उठला. छाती बरी झाली, डोळे बरे झाले, नाक मात्र गेलं ते गेलंच.

ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. ज्याला तेजाबाचा धूर कळत नाही, त्याच्या भट्टीवर सोनं कोण आणणार? सुरुवातीला पोटासाठी लपवलं, पुढं लपवायची सवयच झाली. समोरच्याचं तोंड बघून तोंड वाकडं करायचं, दुसरा 'वा' म्हणाला की आपण 'वा' म्हणायचं. एकदा त्याच्या बायकोनं, रंगूबाईनं, चुकून आंबलेली आमटी वाढली. ह्यानं दोन वाट्या चापल्या आणि वर 'झकास' म्हणाला. एवढं प्रेम कुठल्या नवऱ्याचं असतं, असं ती माहेरी जाऊन चार बायकांना सांगून आली.

त्याला एकाच गोष्टीचं वाईट वाटायचं. तानू, त्याची एकुलती एक लेक, लहान असताना तो मदुरेहून आला की त्याच्या खांद्यावर झोपायची. तिच्या डोक्याला एक वास होता. होता एवढं त्याला आठवत होतं. कसला होता ते आठवत नव्हतं. पोरीचं नाक कुणाचं, डोळे कुणाचे, हे सगळं त्याला ठाऊक होतं, पण तिच्यातलं काहीतरी नऊ वर्षं त्याच्या हाताला लागत नव्हतं, आणि आता ती सासरी चालली होती.

सोयरीक मोठ्या घरची होती. कराडजवळ कृष्णाकाठी ऊस असलेले हंबीरराव, पलटणीतून सुभेदार होऊन आलेले. त्यांचा मुलगा सयाजी. देण्याघेण्याचं त्यांनी काही ताणलं नाही. सुपारी फुटली तेव्हा एवढंच म्हणाले, "आमचं एकच म्हणणं हाय, इवाई. अत्तर अंबर पायजे. लखनौला असताना नाकाला सवय लागलीया. बाकी काय कमी पडलं तर आमी बोलणार न्हाई."

म्हणून नानासो अत्तर घ्यायला सांगलीला निघाला होता. बिननाकाच्या माणसानं अत्तर पारखायला जावं, ह्याचं त्याचं त्यालाच हसू येत होतं.

गणपती पेठेच्या बाजूला दस्तगीर अत्ताराचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन माणसं बसली की तिसऱ्यानं पायरीवर उभं राहायचं. दस्तगीर साठीचा, गोरापान, बोलका माणूस. त्या दिवशी मात्र त्यानं डोक्याला मफलर गुंडाळलेला होता आणि नाक लालबुंद झालं होतं.

"या मालक. जरा लांबच बसा, लय पडसं झालंय," तो म्हणाला. "तीन दिस झालं, गुलाब कुठला नि रॉकेल कुठलं कळंना झालंय. आज गिऱ्हाइकाच्या नाकावरच दुकान चाललंय बगा."

नानासोला वाटलं, उठून परत जावं. पण लग्न चार दिवसांवर आलं होतं.

"अंबर पायजे," तो म्हणाला. "लग्नाला."

दस्तगीरनं फळीवर चाचपून दोन कुप्या काढल्या. दोन्हींचं अत्तर मधाच्या रंगाचं, दाट, कुपी कलती केली की काचेला धरून सावकाश उतरणारं. "दोनी अंबरच. दोनी गरम, मसाल्याचं. ह्यात लवंग, दालचिनी, केशर हाय, ही माझी रोजची." दुसरी कुपी त्यानं उजेडात धरली आणि जरा थांबला. "ही कवा भरली आठवंना गड्या. पर अंबराच्या रांगंतच हुती, म्हंजी अंबरच. तुमीच ठरवा."

त्यानं काडीला कापूस गुंडाळून पहिला फाया पुढं केला. नानासोनं तो नाकाजवळ नेला, डोळे मिटले, मान हलवली. हे त्याला सवयीनं जमत होतं. वास अर्थातच काही आला नाही. मग त्यानं दुसरा फाया घेतला आणि पुन्हा डोळे मिटले.

नाकात काहीतरी ऊन शिरलं.

आधी त्याला कळेनाच ते काय आहे. थंडीत शेकोटीजवळ बसल्यावर तोंडावर ऊब येते तसं नाकाच्या आत झालं. मग त्या उबेतून लवंग आली, तिच्या मागून जायफळ, त्याच्या मागून जुन्या संदुकीत ठेवलेल्या घोंगडीचा वास. नऊ वर्षांनी. नानासोच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"झोंबलं काय?" दस्तगीरनं विचारलं.

"न्हाई," नानासो म्हणाला. "ह्येच द्या."

पण नानासो हिशेबी माणूस. मेलेल्या नाकाला जे कळतंय ते धडक्या नाकाला फार उग्र तर लागणार नाही? म्हणून त्यानं दोन्ही घेतल्या. दस्तगीरनं ओळखीसाठी रोजच्या कुपीच्या बुचाला तांबडा दोरा बांधला आणि दुसरीच्या बुचाला पांढरा. वाटेनं मोटारीत नानासोनं तीनदा खिशाशी हात नेला.

घरी आल्यावर रंगूबाईनं हात पुसून आधी तांबड्या दोऱ्याची कुपी घेतली. "आगं बया, काय ग्वाड हाय ह्ये. सुभेदार खूश हुतील बगा." मग पांढऱ्या दोऱ्याची घेतली, हुंगली, पुन्हा हुंगली, बोटानं काच टिचकावून बघितली. "आवं, ह्यात काय हाय? नुसतं तेल भरलंय. फसीवलं तुमास्नी."

"नीट बग की."

"नीटच बगतीया. तानू, तू बग गं."

तानूनं हुंगून मान हलवली. "कायबी वास न्हाई, आबा."

आणि त्या वेळी सबंध सोप्यात लवंगेचा आणि जायफळाचा वास दाटला होता. नानासो दोघींच्या तोंडांकडं बघत राहिला. भांडायची सोय नव्हती. भांडला असता तर नऊ वर्षांचं सोंग बाहेर आलं असतं. "व्हय, खरंच की," तो म्हणाला. "दिऊन टाकतो परत." आणि कुपी कोपरीच्या आतल्या खिशात टाकली.

परत द्यायची त्याची तयारी नव्हती, हे त्यालाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवसापासून माणूस एका जागी ठरेना. मांडवाचे वासे आले, आचारी ठरला, हा मधूनच उठून चुलीमागं जायचा, परड्यात जायचा, बूच काढून हुंगायचा. द्रवाला उघडा हात न लावणं हे त्याच्या धंद्यातलं पहिलं पथ्य, ते इथंही सुटलं नाही. काडीला कापूस गुंडाळून, टोक जेमतेम भिजवून तो काम करायचा. असंच एकदा चुलीपाशी कुणी नव्हतं, तर त्यानं भाकरीच्या टोपलीतल्या वरच्या भाकरीला काडी टेकवली. अंबर क्षणभरच दरवळला आणि त्याच्या खालून भाकरीचा वास वर आला. भाजलेल्या ज्वारीचा, तव्याचा, जरा करपलेल्या कडेचा. त्यानं टोपलीत तोंड घातलं आणि तो लहान पोरासारखा हुंदडला असता, पण तेवढ्यात रंगूबाई आली.

तिनं टोपलीत बघितलं. "सात थापल्या हुत्या मी. सहाच कशा?"

भाकरी सातच होत्या. वरची तर तिच्या बोटाखाली होती.

"मोजताना चुकली असशील," नानासो म्हणाला. ती कुरकुरत गेली. संध्याकाळी त्याला त्या भाकरीची आठवण झाली म्हणून त्यानं टोपली उघडली. वास गेला होता. भाकरी सहाच होत्या. कुणीतरी खाल्ली असणार, दुसरं काय.

खुंटीवरच्या तांबड्या रुमालाचंही तसंच झालं. त्यानं काडी टेकवली, रुमालातून मदुरेच्या दुकानाचा, कोळशाचा आणि त्याच्या स्वतःच्या घामाचा वास आला. रंगूबाई दिवसभर रुमाल शोधत त्याच खुंटीला पदर अडकवून गेली. दुसऱ्या दिवशी नानासोलाही तो सापडला नाही. लग्नघरात वस्तू इकडच्या तिकडं व्हायच्याच, असं त्यानं मनाला समजावलं. मन काही पुरतं समजलं नाही. रात्री झोप येईना, जेवण जाईना, तरी हात पुन्हा खिशाकडं जायचा.

लग्नाच्या आदल्या दिवशी तो गोठ्यात गेला. तांबडी गाय आठवड्यापूर्वीच व्यालेली. वासरू दाव्याला बांधलेलं, मऊशार, कान टवकारून बघणारं. त्याच्या कपाळावर त्यानं काडी टेकवली. खरवसाचा, ओल्या केसांचा, गवताचा असा काही वास सुटला की नानासो तिथंच वासराच्या गळ्यात हात टाकून बसला. चांगला वेळ बसला.

दिवस कलला तशी तांबडी हंबरायला लागली. साधं हंबरणं नव्हे. मान वर करून, दावं ताणून, चारी दिशांना बघत ती वासराला हाका मारत होती. आणि वासरू तिच्या पुढ्यात उभं होतं. ते आचळाशी गेलं तर तिनं पाय झाडला नाही, ढकललं नाही, खाली बघितलंसुद्धा नाही. त्याच्या डोक्यावरून ती दाराकडं बघत राहिली आणि हंबरत राहिली.

रंगूबाई दारात आली. "ही का वरडतीया एवढी? वासरू कुठं सोडलंसा?"

"ते काय, फुड्यात हाय की तिच्या."

तिनं गोठ्यात बघितलं, मग नवऱ्याकडं बघितलं. "दमलासा तुमी," ती हळू आवाजात म्हणाली. "जरा आडवं व्हा."

परक्या वासानं गाय वासराला घेत नाही, हे गुराखीसुद्धा सांगेल. नानासोनं स्वतःला तेच सांगितलं. वासराला पाण्यानं खसखसून धुतलं. तांबडी हंबरायची थांबली नाही. मग त्यानं कुपीला बूच घट्ट बसवलं आणि ठरवलं, आता हिला हात लावायचा नाही. उद्या तांबड्या दोऱ्याचं अत्तर, तेवढंच. आणि लग्न झालं की दस्तगीरचं त्याला परत. कुपी मात्र खिशातच राहिली.

लग्न वेळेवर लागलं. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, सयाजीनं मान खाली घालून सगळं निमूटपणे केलं. नानासो अत्तरदाणी घेऊन पाहुण्यांत फिरला. एकेकाच्या मनगटामागं काडी टेकवायची, पाहुण्यानं हात नाकाशी न्यायचा, भुवया वर करायच्या. हंबीररावांनी डोळे मिटून लांब श्वास घेतला.

"नानासो, अस्सल हाय. लखनौ आठीवलं बगा. नाक लागतं गड्या असलं निवडायला."

सगळा मांडव त्या वासानं भारून गेला होता म्हणे. नानासोला लोकांच्या तोंडांवरून ते कळत होतं. पोरीच्या लग्नात आपल्याच मांडवात आपण भिंतीपलीकडं उभे आहोत असं त्याला वाटलं आणि फार वाईट वाटलं. अत्तरदाणी संपत आली तसा तो परड्याच्या बाजूला सोप्याच्या कोपऱ्यात जाऊन बसला.

तिथं तानू आली. पाया पडायला आली होती. मुंडावळ्या मागं सारलेल्या, हात कोपरापर्यंत हळदीचे. वाकून उठली आणि हसली.

"सगळ्या गावाला अत्तर लावलंसा, आबा. मला न्हाई लावलं."

तिनं हात पुढं केला.

अत्तरदाणी त्याच्या डाव्या हातात होती. तळाशी तांबड्या दोऱ्याचं अंबर अजून होतं. तेच लावायचं होतं. तांबडी त्याच वेळी परड्यात एकदा हंबरली, आणि ते त्यानं ऐकलं. भाकरी आठवली, रुमाल आठवला. नाही असं नाही. पण तासाभरानं ही पोर गाडीत बसणार होती आणि तिचा वास त्याला कधीच कळणार नव्हता.

त्यानं अत्तरदाणी खाली ठेवली आणि कोपरीच्या खिशातून पांढऱ्या दोऱ्याची कुपी काढली.

"ह्येला तर वास न्हाई न्हवं?" तानू म्हणाली.

"हाय," नानासो म्हणाला. "मला येतोय." आणि तिच्या मनगटावर काडी टेकवली.

अंबर आला आणि विरला. मग हळद आली, शिकेकाई आली, नव्या लुगड्याची खळ आली. आणि त्या सगळ्याखालून दूध, चुलीची राख, कडुलिंबाचं तेल आणि झोपलेल्या पोरीच्या मानेचा घाम. हेच. नऊ वर्षं जे आठवत नव्हतं ते हेच. नानासोनं तिचा हात दोन्ही हातांत धरून कपाळाला लावला आणि ढसाढसा रडला. तानूही रडली. त्याला आयुष्यात इतकं सुख क्वचितच झालं होतं.

रंगूबाई घाईघाईनं आली. "आवं, तानू कुठं हाय? बाया खोळंबल्यात."

तानू डोळे पुसत वळली. "हितं हाय की, आये."

रंगूबाई तिच्या अंगाला अंग घासून पुढं गेली आणि परड्यात डोकावली. "न्हाणीत बी न्हाई. आत बसली आसंल सुभेदारणीजवळ." ती आली तशी गेली.

तानू हसली. आई थट्टा करतेय असं तिला वाटलं. नानासो हसला नाही. तो उठून गोठ्याकडं पळाला.

तांबडी आता गप होती. खाली मान घालून कडबा खात होती. वासराच्या खुंट्याजवळ कुणी नव्हतं. नानासोनं नाक फुलवून श्वास घेतला. कसलाच वास नव्हता. खुंट्याचं दावं मात्र जमिनीवर पडलेलं नव्हतं. गुडघ्याच्या वर, आडवं, ते ताठ ताणलेलं होतं, आणि टोकाची गाठ हवेत एका जागी उभी होती. मधूनच ते हिसका खात होतं.

त्यानं खिशातली कुपी काढली आणि परड्यातल्या विहिरीत भिरकावली. पाण्यात ती पडल्याचा आवाज झाला तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की वास असेतोवर आपल्याला तरी दिसतं, आणि आता पुन्हा लावायला थेंबसुद्धा उरला नाही.

तो परत आला तोवर पंगत बसली होती. नवरीचा पाट सयाजीच्या शेजारी होता आणि तानू त्यावर बसलेली होती. तिच्या पुढ्यात पान मांडलेलं नव्हतं. वाढपी तिच्यापुढून बुंदी घेऊन गेले. ती एकदा ह्याला, एकदा त्याला हाक मारत होती. सयाजी एक-दोनदा शेजारी बघून लाजल्यासारखा हसला. नवरी बायकांत जेवत असेल असं त्याला वाटलं असावं. बायकांना वाटलं, ती नवऱ्याशेजारी आहे. लग्नघरात नवरी कुणाजवळ तरी असतेच.

नानासोनं सोप्यात ठेवलेली अत्तरदाणी आणली आणि तांबड्या दोऱ्याचं उरलेलं सगळं अंबर तानूच्या हातावर ओतलं. चोळलं. कोपरापर्यंत चोळलं.

"काय सांडलंसा?" रंगूबाई वाढता वाढता थांबली. तिनं तानूच्या तोंडासमोर वाकून हवा हुंगली. "लय वास सुटलाय हितं." आणि पुढच्या पानावर भात वाढला.

"आये," तानू म्हणाली.

गाड्या जुंपल्या. नवरीची छकडी लुगड्याच्या पडद्यानं बंद केलेली होती. रंगूबाईनं पडद्यातून आत ओटीचा नारळ ठेवला, पडदा छातीशी धरला आणि हंबरडा फोडला. चार बायकांनी तिला धरलं. तानू तिच्यामागं हातभर अंतरावर उभी होती.

"थांबवा," नानासो ओरडला. "गाडी थांबवा. तानू हितं हाय. गाडीत कोण न्हाई."

वाजंत्री क्षणभर थांबली. हंबीरराव खाली उतरून आले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी नानासोच्या खांद्यावर हात ठेवला. "इवाई, बापाचं काळीज हाय, समजतंय मला. आमच्या लेकीसारखी संभाळू."

गाड्या हलल्या. तानू धावत छकडीमागं गेली, मागच्या फळीला तिनं हात घातला, आणि तिला घ्यायला कुणी हात पुढं केला नाही म्हणून वेशीपासून परत आली.

मांडव ओसरला. नानासो तिला घेऊन ओसरीच्या कडेला बसला.

"आबा, तुमाला तरी दिसतीया न्हवं मी?"

"दिसतीयास की."

"हात सोडू नगा."

"न्हाई सोडत." त्यानं तिचा हात नाकाशी धरला. वास होता. दूध, राख, कडुलिंब. मघापेक्षा जरा पुसट. दिवे लागले, माणसं निजली, तो तसाच बसून राहिला आणि श्वासामागून श्वास ओढत राहिला. सकाळच्या मोटारीनं सांगलीला जायचं, दस्तगीरकडं तसली दुसरी कुपी मागायची, असं तो तिला सांगत होता. ती 'व्हय' म्हणत होती. 'व्हय' बारीक होत चाललं होतं.

कोंबडं आरवलं. उजाडलं. रंगूबाई चहा घेऊन आली. रडून तिचे डोळे सुजले होते, पण पोर चांगल्या घरी पडली ह्याचं समाधानही तोंडावर होतं.

"रातभर हितंच बसलासा? घ्या, चा घ्या."

नानासोनं वर बघितलं. अंग आंबून गेलं होतं. आपण इथं कशाला बसलो, ते त्याला नीटसं आठवेना. पोरीच्या जाण्यानं जिवाला लागलं असणार. सांगलीला जायचं होतं काहीतरी, तेही आता महत्त्वाचं वाटेना. त्यानं सवयीनं चहाची वाफ हुंगली. वास काही आला नाही. नऊ वर्षं येत नव्हताच.

"आवं, हात असा हवेत का धरलाय?" रंगूबाईनं विचारलं.

त्यानं उजव्या हाताकडं बघितलं. तो ओसरीच्या कडेवर आडवा, अधांतरी होता. बोटं अर्धवट मिटलेली.

"कुणास ठावं," तो म्हणाला. "आवघडला आसंल."

कप घ्यायला त्यानं हात मागं ओढला. हात लगेच आला नाही. त्यानं जरा जोर लावला तेव्हा सुटला, आणि बोटांवर, कुणी रात्रभर घट्ट धरून ठेवावं तसे, पांढरे वळ उमटलेले होते.